वस्तुमान आपोआप वाढत नाही

माझ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरत होतं, आणि त्यात माझ्या मेहुण्याची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. हे लिहायला मला एक ओळ पुरली. म्हणायला अठरा दिवस लागले होते.

मी आसगावचा. कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे: सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत नाही. (पुढच्या बाकांची तक्रार अशी आहे की, येतो.) घरी बायको सुनंदा, वडील आणि सहा वर्षं जुनी एक पांढरी, उंच बांध्याची गाडी. माझं आयुष्य या तिघांच्या आधारानं बरं चाललं होतं. मग आमच्या कॉलेजात गणिताचे नवे सर लागले.

त्यांचं वय अठ्ठावीस. त्यांची गाडी काळी आणि अशी बुटकी, की जमिनीशी काहीतरी खासगी बोलते आहे असं वाटावं. तिच्या शेजारी माझी गाडी उभी राहिली की मुलाच्या तक्रारीसाठी बोलावलेल्या पालकासारखी दिसायची. मी आठवडाभर सहन केलं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. स्प्रिंगा बदलून गाडी खाली कशी करतात, हे मी एकोणपन्नासाव्या वर्षी इतक्या भक्तिभावानं पाहिलं की तेवढं मी बी.एस्सी.ला पाहिलं असतं तर आज प्राचार्य असतो.

पण घरी काय सांगायचं? "मला तरुण दिसायचं आहे" हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात टिकलं नसतं. म्हणून मी वडिलांचे गुडघे पुढे केले.

"बाबांना गाडीत चढताना त्रास होतो," मी सुनंदाला गंभीरपणे सांगितलं. "गाडी थोडी खाली करून घेतो. चाळीस मिलिमीटर फक्त."

"मामांजींच्या गुडघ्यासाठी गाडी खाली करून राहिले?" ती म्हणाली. "त्यापेक्षा गाडीजवळ एक पाट ठेवा ना!"

पाटाचा उपाय अगदी बरोबर होता, म्हणून मी तो ताबडतोब फेटाळला.

सुनंदाचा धाकटा भाऊ दिनेश. दिघोरीला त्याचं गॅरेज आहे. त्यांची आई लवकर गेली, तेव्हापासून सुनंदानं त्याला भावापेक्षा मुलासारखंच वाढवलं. दिनेश कमी बोलणारा माणूस. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहतो आणि मग म्हणतो, "पंप गेला." पंप गेलेलाच असतो. दर राखीला तो मोटरसायकलवरून आसगावला येतो, हाताचं ग्रीस दगडानं घासून काढतो, तरी नखांत उरतंच, आणि सुनंदा त्या काळ्या नखांच्या हाताला राखी बांधताना दरवर्षी म्हणते, "एक दिवस तरी मानसासारखा हात घेऊन ये रे, दिनू." हे त्या दोघांचं वर्षाचं ठरलेलं बोलणं. मी त्याला मध्ये चिखल लावला. पण ते पुढे येईल.

मी स्प्रिंगा मागवून घेऊन दिघोरीला गेलो, तेव्हा दिनेशनं त्या हातात घेऊन बघितल्या, मग रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, आपल्याकडचे स्पीडब्रेकर पाहिले ना तुमी? एकेक गावानं आपापल्या अंदाजानं बनवले हायेत."

"मी हळू चालवतो."

"आन शेतातले धुऱ्या-बांध्यांचे रस्ते?"

"मी कुठे जातो तिकडे?"

त्यानं स्प्रिंगा उचलून आत नेल्या. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नाही. सासऱ्यांनी आयुष्यात मला एकदाच नाही म्हटलं होतं, ते तिसऱ्या पोळीला मी "पुरे" म्हणालो तेव्हा, आणि तेही चौथी वाढायला. त्या पद्धतीचा फायदा घेऊन मी माझ्या मेहुण्याकडून त्याच्या मनाविरुद्ध काम करून घेतलं. त्यानं दिवसभर राबून ते चोख केलं. पुढची चाकं, मागची चाकं, एकेक नट हातानं तपासला. दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्यासोबत भंडाऱ्याला येऊन अलाइनमेंट आणि चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. मशीनवर शून्य आल्याशिवाय त्यानं चाक उतरू दिलं नाही. निघताना एकच गोष्ट सांगितली.

"भाऊजी, डांबर सोडायचं नाही. चुकून सोडलंच, तं मले सांगा. चाक खोलून पाहाव लागते."

"अरे हो रे," मी म्हणालो. (पंधरा दिवसांत मी डांबर सोडलं.)

आधी गुडघ्यांचं सांगतो, कारण सारं त्यांच्या नावानं झालं होतं. खाली केलेल्या गाडीत वडील बसले ते धप्पकन. चेहरा प्रसन्न. "वा! चढाच नाही लागलं!" गावाला एक चक्कर मारून आम्ही परत आलो. मी उतरलो, दार उघडलं. वडील बसलेले.

"उतरा ना, बाबा."

"उतरलो असतो," ते म्हणाले. "पन हे खड्डा होय. निघाव कसं?"

आधी त्यांना गाडीत चढता येत नव्हतं; आता निघता येईना! मी एका हाताला, सुनंदा दुसऱ्या हाताला, असं ओढून आम्ही त्यांना बाहेर काढलं. सुनंदा तडक वळली. आत गेली आणि पाट आणून माझ्यासमोर आदळला. तो पाट आता ते उतरताना हात टेकायला वापरतात.

आता रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा, शेवटचा दिवस. आमच्याकडे धानाची रोवणी संपते त्या दिवशी रोवणाऱ्या बाया बांधावर जो सापडेल त्याला चिखल लावतात, आणि मालकानं त्यांचं तोंड गोड करायचं असतं. वडिलांनी सकाळीच शेतावरून फोन करून सांगितलं होतं, "बुंदी घेऊन ये. आन डोक्याले टोपी घालून ये, बाया सोडत नाहीत." सुनंदा पवनीला गेली होती. स्कूटर दारात होती. पण शेतावर बारा बाया, सारा शेजार, आणि माझी नवी बुटकी गाडी कुणीच अजून पाहिली नव्हती!

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलापर्यंत डांबर आहे. तिथून आमचं शेत दोनशे पावलं. मी पुलावर थांबलो, दोनशे पावलांकडे बघितलं, आणि गाडी खाली घातली. एकशे वीस पावलांवर गाडीचं पोट बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकलं आणि पुढची दोन्ही चाकं आपापल्या परीनं चिखलात फिरायला लागली. भौतिकशास्त्रात याला घर्षणाचा अभाव म्हणतात. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, बायांनी याला जे म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही.

गुडघाभर चिखलातून त्या वर आल्या. पुढे शेवंताकाकू. त्या आमच्या शेतावर तीस वर्षांपासून रोवायला येतात, आणि मला त्यांनी चड्डीत पाहिलेलं आहे, त्यामुळे माझ्या पदाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही.

"काहून जी सर, गाडी बसली काय?"

"जरा टेकली आहे."

"टेकली नाही जी, हे तं आंडे उबवून राहिली!"

आठ जणींनी पदर खोचले आणि मला स्टिअरिंगवर बसवून ठेवून गाडी अक्षरशः उचलली. मी आत बसून दिशा दाखवत होतो. कुणीच बघत नव्हतं. गाडी पुढे सरकली, धुऱ्याजवळ सपाटीला लागली, आणि मग रिवाजाप्रमाणे त्यांनी मला धरलं. गालाला चिखल, कपाळाला चिखल, टोपी आणायला विसरलो होतो म्हणून केसांत चिखल.

"आता गाडीची बी रोवणी करा वो!" शेवंताकाकू ओरडल्या. "नवी नवरी हाय, तिले काहून सोडता?"

आणि हसत-हसत त्यांनी ओंजळभर काळा चिखल पुढच्या डाव्या चाकाच्या जाळीतून आत दाबला. वर आणखी एक ओंजळ. मग धानाच्या रोपांची एक जुडी त्यात खोचली, जशी बांधीत खोचतात तशी, अंगठ्यानं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काढा आता बुंदी!"

बुंदी घरी ओट्यावर होती.

मी दोनशे पावलं वाचवायला गाडी आणली, आणि ज्यासाठी आणली तीच वस्तू घरी विसरलो! "उद्या आणून देतो," मी म्हणालो. शेवंताकाकूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर पेपर तपासताना माझी असते.

परतताना पुलाजवळ हातपंपावर मी गाडी धुतली. बाहेरून. चाकांतून दिसणारी रोपं ओढून काढली; त्यांची मुळं आत तुटल्याचा आवाज आला, पण दिसत काही नव्हतं, म्हणजे काही नव्हतं. दारात आलो तेव्हा गाडी चकाचक होती आणि मी वडिलांना फोनवर बजावत होतो, "बाबा, गाडी शेतात आली होती हे घरी बोलू नका."

"काहून?"

"उगाच."

सुनंदाला सांगायचं म्हणजे पाटाचा विषय पुन्हा निघणार. दिनेशला सांगायचं म्हणजे, पंधरा दिवसांत जावयानं शब्द मोडला. त्यापेक्षा कुणालाच न सांगणं सोपं होतं. बुंदी मी आणि सुनंदानं चहासोबत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला निघालो. चाळीसपर्यंत सारं ठीक. साठला स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. सत्तरला माझे हात कोपरापर्यंत हलू लागले. ऐंशीला डॅशबोर्डवरचा गणपती नुसताच हलत नव्हता, नकार देत होता.

"अहो," सुनंदा म्हणाली, "माही मान कायले हलून राहिली? मी तं कोनाले होकार नाही दिला."

घरी येताच मी दिनेशला स्पीकरवर फोन केला. आवाजात तक्रार नव्हती. आवाजात निकाल होता.

"दिनेश, स्टिअरिंग थरथरतं. तुझ्या कामात काहीतरी राहिलं."

"किती स्पीडले?"

"साठच्या वर."

"ब्रेक मारल्यावर का तसंच?"

"तसंच."

"मंग चाकाचं वजन होय. भाऊजी, डांबर सोडलं होतं काय?"

सुनंदा शेजारी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"छे!" मी म्हणालो.

मी आयुष्यात बऱ्याचदा खोटं बोललो असेन, पण एवढं लहान खोटं एवढं लांब गेलेलं मला आठवत नाही.

"मंग गाडी आना. बॅलन्सिंग पुन्हा पाहू."

"बॅलन्सिंग झालंय, दिनेश. शून्य आलं होतं, तू स्वतः पाहिलंस. वस्तुमान आपोआप वाढत नाही!"

हे वाक्य मी इतक्या रुबाबात म्हटलं की स्वतःलाच पटलं. पुढचे दोन आठवडे मी ते दिसेल त्याला ऐकवत होतो. स्टाफरूमच्या फळ्यावर मी गाडीची आकृती काढली. स्प्रिंग आखूड, म्हणजे ताठ. ताठ म्हणजे नैसर्गिक वारंवारता बदलली. वारंवारता जुळली की अनुनाद! आकृतीला बाण दिले. बाण सगळे दिघोरीच्या दिशेला होते. गणिताचे सर म्हणाले, "सर, एकदा चाक काढून बघितलं तर?" मी त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. गणिताच्या माणसाला प्रत्यक्ष जगातलं काय कळणार!

भंडाऱ्याच्या दुकानात पुन्हा गेलो. अलाइनमेंट केलं, चाकं जागेवरच असतात त्यात, खोलावी लागत नाहीत. काटा सरळ. कारागीर डोकं खाजवत म्हणाला, "सर, चाक खोलून पाहू काय? गाडी चिखलाबिखलात गेली होती का?"

सुनंदा मागच्या सीटवर होती.

"माझी गाडी चिखलात जात नाही," मी म्हणालो. "आणि चाकांचं बॅलन्सिंग इथेच झालंय, तुमच्याच मशीनवर. वस्तुमान आपोआप..."

"बरं सर," कारागीर म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे गेला. माझ्या ज्ञानापुढे माणसं फार लवकर हरतात.

घरी वडिलांनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा जेवताना: "मोरू, त्या दिवशी शेवंतानं जे चाकात..." मी म्हणालो, "बाबा, भाजी घ्या." दुसऱ्यांदा ओसरीवर: "अरे, पन चाकातली माती..." मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" ज्या माणसाच्या गुडघ्यांसाठी मी एवढं केलं होतं, त्या माणसाला मी असं म्हणालो. ते पुन्हा बोलले नाहीत. वडील ऐकत नाहीत अशी तक्रार मी वर्षानुवर्षं करत होतो. त्यांनी ऐकलं ते नेमकं हेच.

मग रविवार आला. दिनेश न बोलावता मोटरसायकलवर आला; मागे हत्यारांची पेटी दोरीनं बांधलेली. माझ्याकडे स्टाफमधले दोघे चहाला आले होते. दिनेशनं गाडी पुलापर्यंत चालवून आणली, उतरला, डाव्या चाकाजवळ बसला आणि जॅक काढला.

"भाऊजी, हे चाक खोलतो. दहा मिनिटं."

स्टाफच्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. ते आठवडाभर माझ्या तोंडून दिघोरीच्या गॅरेजबद्दल ऐकत होते. शिवाय चाक खोललं आणि आत काही निघालं तर? ही शंका मला त्या क्षणी चाटून गेली, हे आज कबूल करतो. ती मी लगेच दाबली, आणि दाबता-दाबता तोंडातून निघालं:

"आता हात लावू नकोस. एकदा लावलास तेवढं पुरे!"

स्टाफमधला एक जण हसला. मीही हसलो.

दिनेशनं जॅक परत पेटीत ठेवला. हळूच, आवाज न करता, जसा तो सारंच करतो. सुनंदा चहाचा कप घेऊन बाहेर आली तोवर मोटरसायकल गल्लीच्या वळणावर होती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं तो कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. मी तो पिऊ शकलो नाही. (स्टाफमधल्या दुसऱ्यानं प्यायला.)

इथे माणूस थांबतो. मी थांबलो नाही. संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मी विनोद टाकला: "दिघोरीच्या गॅरेजात गाडी नेण्याआधी स्वतःचा विमा काढून घ्यावा." पुढे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे. काकांपासून मावसभावांपर्यंत साऱ्यांनी हसरे चेहरे टाकले. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याच विनोदाला इतकी दाद मिळाली नव्हती. आठवड्याभरात कळलं की सुनंदाच्या दोन चुलत्यांनी आपापले ट्रॅक्टर दिनेशकडून काढून दुसरीकडे नेले. दिनेश ग्रुपमधून निघून गेला. तेही आवाज न करता.

राखीच्या दोन दिवस आधी सुनंदाचा मोबाइल वाजला. दिनेशचा निरोप. तिनं वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे केली. "बाई, यंदा येणं होत नाही. राखी टपालानं पाठव."

"कामात असेल," मी म्हणालो.

"टपाल दोन दिवसांत दिघोरीले पोचते काय?" ती म्हणाली. एवढंच. ते ती मला विचारत नव्हती.

तिनं राखी आणून ठेवली होती. देवघरापाशी ती कागदाच्या पुडीत दोन दिवस पडून होती. येता-जाता मला ती दिसायची, आणि मी दर वेळी तिच्याकडे न बघता देवाकडे बघायचो, आणि मग देवाकडेही बघता येईना.

राखीच्या दिवशी सकाळी दारात शेवंताकाकू आल्या.

"सरजी, माही बुंदी!"

पावसानं दडी मारली होती, ऊन कडक पडलं होतं, आणि अंगणात माझी गाडी चमकत होती. सुनंदा बाहेर आली.

"कसली बुंदी, काकू?"

"आता घ्या! रोवणीची! सरांनी गाडी शेतात आनली, बुडाले टेकली, आमी आठ जनींनी उचलली. तुमाले नाही सांगतलं?"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी तुळशीकडे.

"बाराही जनी वाट पाहून राहिल्या," शेवंताकाकू म्हणाल्या. "गाडीची बी रोवणी केली म्या सोताच्या हातानं. हे पाहा ना, या चाकात..." त्या खाली वाकल्या, जाळीतून दोन बोटं घातली. "आं? आन माह्या रोपाच्या जडा तं अजून हायेतच की!"

ओसरीवरचे वडील उठले. पाटावर हात न टेकता उठले, हे मी लक्षात ठेवलंय. आतून खुरपं आणलं, चाकाजवळ बसले, जाळीतून आत घालून एक दणका दिला. ठक्! काळ्या मातीचा, विटेसारखा वाळलेला गोळा जमिनीवर पडला. त्यातून धानाची पिवळी मुळं बाहेर आली होती. मग दुसरा. मग तिसरा, लहान. वडिलांनी एक तुकडा उचलून बोटांत चुरडला, वास घेतला.

"आपल्याच बांधीतली हाय," ते म्हणाले. "कन्हार माती. ही सोडत नाही."

मला सारं शास्त्र एका क्षणात समजलं, बाणांसकट. चाक जितकं जोरात फिरत होतं, तितका तो चिखल आतून रिमला घट्ट दाबून बसत होता. मी वेग वाढवत गेलो आणि तो पक्का होत गेला. मी ते तुकडे आत नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. (का, ते विचारू नका. शिक्षक आहे.) चारशे ऐंशी ग्रॅम. मागून सुनंदाचा आवाज आला.

"म्हणजे दिनूनं काहीच नव्हतं केलं."

मी तुकडे उचलून काटा पुन्हा शून्यावर आणला.

"आन तुमाले माहीत होतं गाडी चिखलात गेली म्हणून. त्यानं विचारलं होतं तुमाले. माह्या समोर विचारलं होतं."

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी वगैरे देता आलं असतं. तिनं राखीची पुडी उचलली, ताटात कुंकू, तांदूळ, दिवा ठेवला, वर फडकं बांधलं आणि गाडीत जाऊन बसली. मागच्या सीटवर. वडील पुढे बसले, मांडीवर ते तीन गोळे पिशवीत घेऊन. "पुरावा होय," ते म्हणाले. वाटेत हलवायाकडून शेवंताकाकूंसाठी बुंदी घेतली, दुप्पट, आणि त्यांना आधी पोचवली.

मग दिघोरीचा रस्ता. साठ. सत्तर. ऐंशी. स्टिअरिंग लोण्यासारखं. गणपती स्तब्ध. अठरा दिवस ज्यासाठी तडफडलो ती गाडी अशी चालत होती, आणि मी देवाची करुणा भाकत होतो की थोडी तरी थरथर! निदान एखादा कंप! प्रत्येक गुळगुळीत किलोमीटर माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

मागून शांत आवाज आला. "किती छान चालून राहिली ना गाडी."

मी गाडी पन्नासवर आणली.

गॅरेजात दिनेश एका जीपखाली होता. फक्त पाय दिसत होते. तीन-चार गिऱ्हाईकं बाकावर. रस्त्यापलीकडे पानठेला, तिथे आणखी चार. सुनंदा ताट घेऊन गॅरेजमागच्या घरात गेली, त्याच्याकडे न बघता. तिला माहीत होतं, आधी माझं काम आहे. वडील गाडीतून हाक मारत होते, "दिनेश, मले काढ बाबा याच्यातून!" तो जीपखालून निघाला, एका हातानं त्यांना अलगद उभं केलं, मातीची पिशवी बघितली, आतली मुळं बघितली. माझ्याकडे नाही बघितलं. परत जीपखाली गेला.

आता पायांशी कसं बोलायचं? मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट तेलकट जमिनीवर आडवा झालो. समोर दिनेशचा चेहरा, मध्ये जीपचा एक्सल.

"दिनेश," मी पुटपुटलो, "चूक झाली."

"चौदाचा पाना द्या."

मी दिला.

"हा सतरा होय."

मी दुसरा दिला. तो बारा निघाला. तिसऱ्या खेपेला त्यानं हात लांब करून स्वतः घेतला. त्याचा उजवा हात माझ्या नाकापुढून गेला. ग्रीसनं माखलेला, मनगट मोकळं.

"दिनेश, माझी चूक झाली रे," मी पुन्हा म्हणालो.

"ऐकू नाही आलं, भाऊजी."

"माझी चूक..."

"चार लोकांच्या समोर बोलले होते ना तुमी? ग्रुपवर बोलले होते. मंग आताही तितकंच दूर जाऊ द्या." पाना फिरवत तो म्हणाला, रागानं नाही, पंप गेला सांगतो तशा आवाजात. "बाई ताट घेऊन बसली असन. तुमचं झालं की मी हात धुतो."

बाकावरची गिऱ्हाईकं वाकून बघायला लागली होती. मी डोळे मिटले, जमिनीवर पडल्या-पडल्या छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो:

"दिनेश! गाडी चिखलात मी नेली होती! विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो! तुझ्या कामात काहीच चूक नव्हती! मी तुझं नाव खराब केलं! मला माफ कर!"

रस्त्यापलीकडे पानठेल्यावर एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "आलं जी सर, इथवर आलं!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.